नवरा नोकरी सोडून वायरमन व्हायचं म्हणतोय, लोकांना काय सांगू?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय, थोडं कापून देतेय:

"ताई, मी बडोद्याची, अकोट्याला राहते, वय ३१, खासगी शाळेत शिकवते, पगार २२ हजार. नवरा ३३ वर्षांचा, बीकॉम, विमा कंपनीच्या बॅक ऑफिसमध्ये आहे, हातात ३८ हजार येतात, तिथे चार वर्षं आठ महिने झालेत. मुलगी चार वर्षांची. घराचा हप्ता १४ हजार, बाकी खर्च साधारण २७ हजार, एफडी साडेतीन लाखांची. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचा पूर आला तेव्हा आमच्या सोसायटीच्या मीटर रूममध्ये पाणी शिरलं, नंतर जो इलेक्ट्रिशियन आला त्याच्या मदतीला हा गेला आणि तेव्हापासून डोक्यात तेच. रविवारी त्या भाईबरोबर साइटवर, रात्री जुने पंखे खोलून बसतो. आता म्हणतो नोकरी सोडतो आणि पूर्ण वेळ हेच शिकतो. माझे सासरे युनिव्हर्सिटीत हेडक्लार्क होते, माझ्या माहेरी सगळे बँकेत. मला पैशाची भीती आहेच पण खरं सांगू तर लोकांना काय सांगायचं ह्याचीच जास्त आहे. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय काय लिहू? ह्याला थांबवू का? आणि सासूबाईंना कोणी सांगायचं?"

अगं, तू ते "खरं सांगू तर" लिहिलंस ना, त्याबद्दल आधी तुला शाबासकी, कारण बऱ्याच जणी ते लिहीत नाहीत. आता एक विचारते, घरी भांडताना तू त्याला काय म्हणालीस? माझा अंदाज, हप्ता, मुलीची फी, म्हातारपण हेच सगळं म्हणाली असशील आणि लाजेचं एकदाही नाही. तिथेच गाडी अडते बघ. तो बिचारा कागद-पेन घेऊन हिशोब मांडतो, तू त्यातही खोट काढतेस, तो परत मांडतो, आणि शेवटी त्याला कळतं की हिला हिशोब नकोच आहे. म्हणून पैशाची भीती आणि लाज ह्या दोन गोष्टी आधी वेगळ्या कर. पैशाची भीती अगदी खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहे. लाजेचं त्याच्याशी उघड बोल, पण तिला हप्त्याचं नाव देऊन नवऱ्यासमोर ठेवू नकोस.

आधी पैशाचंच घेऊ, कारण तू आकडे दिलेस म्हणून नीट बोलता येईल. महिन्याला ४१ हजार लागतात, तुझे २२ येतात, म्हणजे १९ हजारांचा खड्डा. त्याने दिवसभराचा आयटीआय धरला, इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा असतो, आणि त्यात कमाई शून्य धरली तर चोवीस महिन्यांचे साडेचार लाखांच्या वर जातात. तुमची एफडी तिथे पुरत नाही. पण तो कुणाच्या हाताखाली हेल्पर म्हणून राहिला आणि घरी महिन्याला दहा हजार जरी आणले तरी खड्डा नऊचा होतो, दोन वर्षांत दोन लाख सोळा हजार, म्हणजे एफडी चेपली जाईल पण संपणार नाही. दहा हजार मी मुद्दाम कमी धरलेत, हेल्परच्या रोजीचा काही भरवसा नसतो, पावसाळ्यात साइट बंद, दिवाळीला कारागीर गावी, असे महिने येतातच.

आणि आज राजीनामा तर अजिबात द्यायचा नाही! चार वर्षं आठ महिने झालेत ना, मग अजून चार महिने थांबायचं. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी मिळते, हिशोब असा की शेवटचा बेसिक (डीए असेल तर तोही) गुणिले १५, भागिले २६, गुणिले पूर्ण झालेली वर्षं. बेसिक १९ हजार असेल तर ५४-५५ हजार होतात, हप्ता सोडून घरखर्चाचे दोन महिने म्हण ना. वैतागून चार महिने आधी सोडलं तर ते हातचे जाऊ शकतात. पीएफला हात लावू नका, पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्सचं लफडं होतं आणि तसाही तो म्हातारपणाचा पैसा आहे. अजून एक, जे नोकरी सोडताना कुणाच्या लक्षात येत नाही, कंपनीचं ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर जातं, त्यामुळे राजीनाम्याच्या आधी तिघांची स्वतःची पॉलिसी चालू झालेली पाहिजे. तो स्वतः विम्यात आहे, त्याला हे मी काय सांगायचं, पण माणूस दुसऱ्याच्या फायली बघतो आणि स्वतःची राहते.

आता कामाचं. तुझ्या पत्रावरून वाटतं की तुझ्या डोळ्यासमोर बोळात स्टूलवर उभं राहून ट्यूबलाइट बदलणारा माणूस आहे आणि तुझ्या नवऱ्याच्या डोळ्यासमोर बहुतेक तो पुरानंतरचा हीरो भाई. दोघांनीही अजून थोडं जवळून बघा. पाण्यात बुडालेला बोर्ड वरून वाळला म्हणून चालू करता येत नाही, पाइपांत ओल राहते, चांगला माणूस आधी मेगर (वायरीच्या इन्सुलेशनचा रोध मोजायचं मीटर) लावून इन्सुलेशन बघतो, रीडिंग मेगोहममध्ये नीट येईपर्यंत मेन टाकू देत नाही, मग सोसायटीवाले कितीही ओरडोत. आमच्याकडे एक वयस्कर वायरमन येतात, ते कुठल्याही पॉइंटला हात लावायच्या आधी टेस्टर शेजारच्या चालू सॉकेटमध्ये घालून पेटतो का बघतात, मग बंद केलेल्या पॉइंटला लावतात, आणि परत एकदा चालू सॉकेटमध्ये. मी विचारलं असं का, तर म्हणाले, "बेन, टेस्टरच मेलेला असला तर तो मला खोटं सांगेल." एवढ्या वर्षांनंतरही एकदासुद्धा चुकवत नाहीत. तुझ्या नवऱ्यात हे आहे का, तेच तेच रोज न कंटाळता करायचं, हे तू जितकं ओळखतेस तितकं मला कळणार नाही. खोललेले पंखे तो परत जोडून जागेवर लावतो की गॅलरीत तसेच पडलेत, एवढं सांग. हसू नकोस, मी खरंच विचारतेय.

आणि ह्या धंद्यात कागद लागतो. लोकांना वाटतं पक्कड, डिसमिस घेतलं की झाला इलेक्ट्रिशियन. केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम आहेत, आधीचे २०१०चे होते आणि आत्ताचे २०२३चे, त्यात साधा बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं सोडलं तर नवीन वायरिंग किंवा जुन्यात फेरफार हे लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरनेच, पात्र सुपरवायझरच्या देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचं असतं. ती परमिटं आणि लायसन्स राज्य सरकार देतं. वीज कंपनीकडे नवीन कनेक्शन मागताना वायरिंगच्या टेस्ट रिपोर्टवर लायसन्सवाल्याची सही लागते ती ह्यामुळेच. म्हणून कागद नसला की आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीवर काम करायचं आणि सही करणारा त्याचा वाटा घेणार, हे ठरलेलं. तो ज्या भाईबरोबर रविवारी जातो ना, त्याच्याकडे स्वतःचं लायसन्स आहे का, हे पहिलं विचारायला सांग. नसेल तर हात शिकायला तो माणूस छान, पण अनुभवाचं सर्टिफिकेट त्याच्याकडून काय कामाचं?

तेव्हा माझं मत असं, की तरसालीच्या किंवा गोरव्याच्या आयटीआयमध्ये त्याने स्वतः जाऊन चौकशी करावी. दहावी पास लागतं, ते आहेच, तेहतीस वय बघून कोणी हाकलणार नाही, सरकारी आयटीआयची फीही फारशी नसते. इलेक्ट्रिशियन आणि वायरमन दोन्ही ट्रेडचं विचारायचं, बॅच सकाळ-दुपार अशा शिफ्टमध्ये आहे का ते विचारायचं, कारण अर्धा दिवस मोकळा मिळाला तर हेल्परचं काम आणि सर्टिफिकेट दोन्ही बरोबर चालेल आणि वर मांडलेला हिशोब जमेल. तीन-चार महिन्यांचे शॉर्ट कोर्स पण असतात, हात बसायला ठीक आहेत, पण त्यावर परमिट मिळेल असं धरून चालू नका, आधी लायसन्स बोर्डाच्या अटी वाचून घ्या आणि मगच पैसे भरा.

हेही बघा की घरगुती वायरिंग म्हणजे सगळं काम नाही. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, कंट्रोल पॅनेल बनवणारे आहेत, तिथे बसून वायरिंग असतं, ड्रॉइंग वाचायचं, वायरीच्या टोकाला धातूचे लग दाबून बसवायचे, प्रत्येक वायरीवर नंबरचं फेरूल (छोटी नळी) चढवायचं, चिकाटीच्या माणसाचं काम, आणि बॅक ऑफिसमध्ये पाच वर्षं फायली जुळवलेल्या माणसाला ते जमू शकतं असं मला वाटतं. बडोद्यात ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअरचे कारखाने किती वर्षांपासूनचे, एर्डासारखी इलेक्ट्रिकलची टेस्टिंग संस्था १९७४पासून इथे आहे. शिवाय सोलर. २०२४च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी, त्यामुळे गच्च्यागच्च्यांवर पॅनेल दिसायला लागलेत आणि त्यांचं अर्थिंग, डीसी वायरिंग नीट करणारी माणसं लागतातच. फक्त मे महिन्यात बडोद्याच्या गच्चीवर दुपारी काय होतं ते त्याला एकदा करून बघू दे, मग ठरवा.

आता तुझी लाज.

आपण बडोद्याचे मराठी लोक महाराजांचं नाव किती अभिमानाने घेतो. त्याच सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं, कशासाठी, तर मुलांनी हाताने करायची विद्या शिकावी म्हणून, कापड रंगवणं, सुतारकाम, यंत्रकाम. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आज त्याच वास्तूत युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे आणि तुझ्या सासऱ्यांनी त्याच युनिव्हर्सिटीत जन्म काढला. महाराजांना ज्याची लाज वाटली नाही ती आपल्याला का वाटावी, मला खरंच कळत नाही. म्हणजे कळतं गं, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टेबलाच्या अलीकडचा माणूस आणि पलीकडचा माणूस असा हिशोब चालत आलाय, जातीचा वास त्याला आहेच, आणि घरात तो कोणी बोलून दाखवत नाही म्हणून तो नाही असं होत नाही.

आणि त्याला हे बाहेर भोगावं लागेल, हे लपवणार नाही. साडेतीन हजारांचं झुंबर लावून घेतील आणि मजुरीच्या पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतील. पाणी वेगळ्या ग्लासात देतील. बीकॉम आहे म्हटलं तर "अरेरे, नोकरी नाही मिळाली का?" विचारतील. पंचविशीच्या कारागिराने तेहतिशीच्या हेल्परला "ए, झिरी नीट मार" म्हणून सुनावलं की तेही गिळावं लागेल, पहिलं वर्ष तर अर्धं भिंती खोदण्यात, पाइप टाकण्यात आणि मलबा उचलण्यात जाईल. संध्याकाळी असा माणूस घरी येणार, हाताला सिमेंट, आणि घरात बायकोचं तोंड पण उतरलेलं असेल तर तो कुठे जाईल सांग? बाहेरच्यांचं तो सहन करेल, तुझं नाही होणार.

फॉर्मवर इलेक्ट्रिशियन लिही. साध्या अक्षरात, "स्वतःचा व्यवसाय" असलं काही गोलमाल न लिहिता. तू लपवलंस तर मुलगी लपवायला शिकेल.

एक गोष्ट तू विचारली नाहीस आणि तीच मला सगळ्यात जास्त सतावतेय, जिवाचं. करंटने माणसं मरतात, आणि पुष्कळदा "मेन बंद आहे" असं कोणीतरी सांगितलं म्हणून मरतात. मेन बंद असली तरी इन्व्हर्टरचा सप्लाय दुसऱ्या बाजूने येतो. अ‍ॅल्युमिनियमची शिडी, ओले पाय, रबरी सोल नसलेली चप्पल, ह्यांवर घरात कडक नियम कर आणि भांड त्यावरून, तिथे तुला पूर्ण हक्क आहे. टर्म इन्शुरन्स असेल तर काम बदलल्याचं कंपनीला लेखी कळवायचं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा देते, बँकेच्या खात्यातूनच कापला जातो, तो आजच चालू करा, शिवाय वेगळी मोठी अपघाताची पॉलिसी घ्या.

थांबवू का म्हणतेस, तर नको थांबवू, पण घाईपण करू देऊ नकोस. हे चार महिने नोकरी चालू ठेवून प्रत्येक रविवार आणि जमेल तितक्या सुट्ट्या साइटवर काढू दे, उन्हात, धुळीत, स्लॅबच्या पायपिंगला, नुसतं फिटिंगच्या छान छान दिवशी नाही. दरम्यान दोघांनी महिना ३२ हजारांत घर चालवून बघा, तुझे २२ आणि वरचे दहा, बाकीचे जे खर्च होतील ते एफडीतून गेले असं समजून वहीत लिहायचे. चार महिन्यांनी वही पण बोलेल आणि त्याची कंबर पण बोलेल.

सासूबाईंना त्यानेच सांगायचं. तू नाही. तू सांगितलंस तर तूच त्याला फूस लावलीस नाहीतर तूच अडवलंस, दोन्हीकडून तुझ्यावर येईल. आयटीआयची चौकशी झाली, मेडिक्लेम झालं, की त्याने कागद घेऊन आईसमोर बसावं आणि तू त्याच्या शेजारी. रडतील त्या, रडू देत. सासऱ्यांचं नाव काढतील, तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका.

शिफ्टचं काय कळलं ते मला नक्की लिही, कारण तुझ्यासारखीच अजून एक पत्र पाठवणारी आहे, तिचा भाऊ प्लंबिंग शिकायचं म्हणतोय आणि तिलाही हेच विचारायचंय.

— तुझी ताई