सरकार हद्द ओलांडत असेल तर कोर्टात जावं, की सगळ्यातून अंग काढून घ्यावं?

माझं मत स्पष्ट आहे: आधी कायदा. कोर्टात हरलात तरी कागद मागे उरतो.

आणीबाणीचं उदाहरण घ्या. मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय तुरुंगात ठेवू देणाऱ्या कायद्याखाली, डांबलेल्यांच्या याचिकांवर सुप्रीम कोर्टात सुनावणी चालू होती. न्या. हंसराज खन्ना यांनी अॅटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारलं, पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाला ठार मारलं तर दाद कुठे मागायची? डेंचं उत्तर होतं की आणीबाणी असेपर्यंत कुठेच नाही. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल सरकारच्या बाजूने लागला. एकटे खन्ना विरोधात. पुढे ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश केलं, तेव्हा खन्नांनी राजीनामा दिला.

म्हणजे अंग त्यांनीही काढून घेतलं, पण निकालपत्र लिहून झाल्यावर! तोच फरक मला फार मोलाचा वाटतो. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २१, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं ठरलं, आणि खासगीपणाच्या हक्कावरच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा तो निकाल रद्द ठरवला.

तुमचं प्रकरण तहसील कचेरीतलं असलं तरी रीत हीच. अर्ज दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माहिती अधिकारात तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा. गप्प बसलेल्या माणसाची फाइलच नसते हो.