शोधमोहिमेत ड्रोनच्या थेट व्हिडिओत माणूस दिसावा म्हणून काय करावं?

तुम्ही विचारलंय की ट्रेकिंग ग्रुपने ड्रोन घेतला, पण हरवलेल्याचा शोध घेताना स्क्रीन बघणाऱ्यांना काहीच उमगत नाही, तर आणखी भारी कॅमेऱ्याचा ड्रोन घ्यावा का. मी सह्याद्रीत शोधपथकाबरोबर स्वयंसेवक म्हणून जातो आणि माझं काम बहुतेक स्क्रीनसमोरचंच असतं. इतक्यात पैसे घालू नका. बघणाऱ्याच्या डोळ्याला वेळ मिळत नाही, खरी अडचण ती आहे.

हिशेब करून बघा. नेहमीची वाइड लेन्स ६० मीटरवरून सरळ खाली बघताना साधारण ९० मीटर रुंद जमीन दाखवते. ड्रोनमधल्या मेमरी कार्डावर फोर-के (आडवे सुमारे चार हजार पिक्सेल) रेकॉर्ड होत असलं तरी खाली येणारं थेट चित्र बहुधा १०८०पी, म्हणजे आडवे १९२० पिक्सेल. माणसाचे खांदे त्यात जेमतेम दहा पिक्सेल भरतात. १२० मीटरवर गेलात की पाचच. त्यात ६० मीटरवरूनच सेकंदाला १० मीटर वेगाने उडालात, तर जमिनीचा एखादा तुकडा पाच सेकंदांत स्क्रीनबाहेर जातो. ४ मीटरने उडालात तर बारा सेकंद मिळतात. शिवाय वेगात झाडोऱ्यावरून जाताना चित्रातलं सगळंच सतत बदलतं, खाली पाठवण्यासाठी चित्र दाबून लहान करणाऱ्या कॉम्प्रेशनला ते झेपत नाही आणि पानांचा लगदा होतो.

एका सरावात आम्ही कारवीत निळा रेनकोट टाकून ठेवला होता. तिघं डोळ्यांत तेल घालून बघत होतो, एकालाही दिसला नाही. संध्याकाळी कार्डावरचं रेकॉर्डिंग लावलं, तर एक बाही बाजूला पसरलेली सुद्धा ओळखता येत होती. थेट चित्रात त्याच जागी नुसता निळसर डाग होता, आणि तोही भुर्रकन निघून गेलेला. तेव्हापासून प्रत्येक बॅटरी उतरली की आम्ही कार्ड काढून लगेच दुसऱ्या माणसाला बघायला देतो.

अमेरिकेत युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर छान उपाय केला होता: नुकत्याच येऊन गेलेल्या फ्रेम एकमेकींना जुळवून जोडायच्या, म्हणजे सरकून गेलेली जमीन स्क्रीनवर आणखी थोडा वेळ टिकते. तेवढी यंत्रणा आपल्याकडे नसली तरी एचडीएमआय कॅप्चर कार्डाने (व्हिडिओची केबल लॅपटॉपला जोडून देणारं छोटं यंत्र) चित्र लॅपटॉपवर घ्या आणि ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रिप्ले बफर चालू ठेवा. मागचे वीस सेकंद एका बटणावर हाती येतात. लॅपटॉपवर खोक्याची सावली करायला विसरू नका, उन्हात अर्धे रंग मरतात.

कॅमेऱ्याचं एक्स्पोजर (चित्राचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक करा. ऑटोवर ठेवलं की धुक्याचा पट्टा आला की सगळं काळवंडतं. थर्मल, म्हणजे उष्णता टिपणारा कॅमेरा असेल तर पहाटे उडवा. दिवसभर तापलेला कातळ संध्याकाळी माणसाइतकाच चमकतो.

एकाच माणसाला तासभर बसवू नका. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्येच दाखवलं होतं की अशा कामात पहिल्या अर्ध्या तासातच नजर चुकायला लागते. आम्ही वीस मिनिटांनी माणूस बदलतो.

आणि संशय आला की फक्त "थांब" म्हणायचं. पायलटने ड्रोन जागीच रोखायचा, आधी अक्षांश-रेखांश लिहायचे, मग ड्रोन खाली आणून बघायचं. बहुतेक वेळा प्लास्टिकची पिशवी निघते. तरी "थांब" म्हणायला कुणी कचरू नये, म्हणून आमचे पायलट त्यावर कधी एक शब्दही बोलत नाहीत.