‘तेवढं मावशींचंही करून द्या ना’

लग्नसराई तोंडावर आली की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक तक्रार हमखास येते : "काम आवडतं हो, पण तारीख जवळ आली की छातीत धडधडतं. मी या लाईनीत टिकेन ना?" धायरीहून येणारी एक ब्रायडल मेकअप आर्टिस्ट हेच विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

सकाळी नऊचा मुहूर्त म्हणजे पहाटे चारला ही कार्यालयात हजर. नवरीच्या खोलीत एकच ट्यूबलाइट, बुटकी प्लॅस्टिकची खुर्ची, त्यामुळे कंबर तासन्‌तास वाकलेली. हे सगळं ती शांतपणे सांगत होती. आवाज चढला तो पुढे. "ताई, तेवढं मावशींचंही करून द्या ना, दोन मिनिटांचं तर काम!" मावशींमागून आत्या, मग करवल्या. नवरीला उशीर होतो, फोटोग्राफर दार वाजवतो, बोलणी हिला. आणि उरलेले पैसे? "उद्या जीपे करतो."

"मग तू काय म्हणतेस?"

"काय म्हणणार? लग्नघर असतं."

घरी सासूबाईंचा प्रश्न, नटवण्याचे कसले एवढे पैसे? आणि हिलाही ते अर्धं पटलेलं. खरी गोम इथे होती. मी तिला मुंबईच्या सिनेसृष्टीतली गोष्ट सांगितली. तिथे संघटनेचं मेकअप आर्टिस्टचं कार्ड फक्त पुरुषांना मिळे. बायकांनी फक्त केशरचना करायची. मेकअप आर्टिस्ट चारू खुराना सुप्रीम कोर्टात गेल्या आणि 10 नोव्हेंबर 2014 च्या निकालाने ही बंदी उठली.

"म्हणजे तिथे हा पुरुषांचा धंदा, आणि माझ्या घरी हौस?" ती पहिल्यांदाच हसली.

मग आम्ही तालीम केली. मी मावशी झाले (मला हे छान जमतं). तिचं उत्तर दर वेळी "सॉरी हं काकू"ने सुरू व्हायचं. ते "सॉरी" गाळायलाच अख्खं सेशन गेलं. किती जणींचा मेकअप, जास्तीच्या प्रत्येकीचे किती, बाकी रक्कम ब्रश हातात घेण्याआधी, हे सगळं ट्रायलच्या दिवशीच ठरवून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं, असं ठरलं. पहाटे चारला नवरीच्या खोलीत घासाघीस करायला कुणालाच जमत नाही. त्याचा आणि धीट-भित्रेपणाचा फारसा संबंध नाही.

त्या मेसेजमुळे एक बुकिंग गेलं. सासूबाई अजून बोलतात. धडधड बरीच कमी आहे. कंबर माझ्या हातातली नव्हे. त्यासाठी तिला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. उंच, घडीची खुर्ची मात्र तिने स्वतःहून घेतली.