तीन मॉस्फेट उडाले, व्होल्टेज काही चढेना

प्रश्न : सर, मी इचलकरंजीचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाण्याच्या थेंबाचे फोटो काढायचे म्हणून झेनॉन ट्यूबचा फ्लॅश घरी बनवतोय. ४७० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टचा कपॅसिटर आणलाय, बॅटरी यूपीएसची १२ व्होल्टची. बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज चढवणारं सर्किट) ५५५ टायमर आयसीवर केलाय, २० किलोहर्ट्झ, ड्यूटी (प्रत्येक फेरीत स्विच चालू राहण्याचा वाटा) ७० टक्के. कॉइल जुन्या पीसीच्या सप्लायमधल्या पिवळ्या रिंगची, १०० मायक्रोहेन्री भरली, डायोड १एन४००७. स्विच म्हणून आयआरएफझेड४४एन मॉस्फेट लावला तर आउटपुट साठ व्होल्टच्या आसपास अडकतं आणि मॉस्फेट उडतो, असे तीन गेले. आयआरएफ८४० टाकल्यावर १४० पर्यंत गेलं पण पुढं जाईना, आणि कॉइलला हात लावता येत नाही एवढी तापते. पुस्तकातल्या सूत्राप्रमाणे ड्यूटी ९६ टक्के केली तर जमेल का?

उत्तर : आधी एक सांग, त्या कपॅसिटरवर ब्लीडर, म्हणजे तो हळूहळू रिकामा करणारा रेझिस्टर, आहे का? प्रश्नात कुठं दिसला नाही म्हणून विचारतोय. ४७० मायक्रोफॅरड ३२० व्होल्टला भरला की आत साधारण २५ ज्यूल बसतात, बॅटरी काढली तरी ते तिथंच असतात, आणि दोन हातांमधून गेले तर जिवावर बेतू शकतं. मी शिकाऊ असताना फ्लॅशगनचा कपॅसिटर स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट केला होता, टोक वितळलं आणि दहा मिनिटं कानात शिट्टी वाजत होती. तेव्हा आजच्या आज ४७ किलोओहमचे दोन वॅटवाले दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लाव, थेट कपॅसिटरच्या पायांवर. एकच का नको, तर छोट्या रेझिस्टरला स्वतःची व्होल्टेजची मर्यादा असते, दोघांत वाटून दिलेलं बरं. तरीही ३२० वरून ३० व्होल्टवर यायला पावणेदोन मिनिटं लागतात, तोवर हात खिशात. हात घालायच्या आधी मीटर लावून बघायचंच, आणि रिकामा केल्यावरही थोडे व्होल्ट परत डोकं वर काढतात हे लक्षात ठेव.

आता मॉस्फेट. साध्या बूस्टमध्ये मॉस्फेट बंद झाला की त्याच्या ड्रेनवर (कॉइलकडच्या पायावर) अख्खं आउटपुट व्होल्टेज येतं, आणि झेड४४एन आहे ५५ व्होल्टचा. तो बिचारा झेनर डायोड (ठराविक व्होल्टेजच्या वर गेलं की वाहू लागणारा) असल्यासारखा वागत होता, कॉइलनं दिलेली सगळी ऊर्जा स्वतःच्या अंगावर घेत होता, म्हणून साठला अडकलास आणि म्हणूनच तो उडाला. आयआरएफ८४० हा ५०० व्होल्टचा, तिथं तू बरोबर आलास. मग १४० ला का थांबलं? मला संशय १एन४००७ वर आहे. डायोड म्हणजे करंटला एकाच दिशेनं जाऊ देणारं दार, आणि हा ५० हर्ट्झच्या कामाचा, बंद व्हायला मायक्रोसेकंदांत वेळ घेतो. तुझी कॉइल १४० व्होल्टला रिकामी व्हायलाच तीनेक मायक्रोसेकंद लागतात, आणि व्होल्टेज चढेल तसा हा वेळ आणखी कमी होतो. म्हणजे दार लागेपर्यंत आत गेलेला माल परत बाहेर. यूएफ४००७ टाक, दिसायला तसाच, पण ७५ नॅनोसेकंदांत बंद होतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला पाच-दहा रुपयांची वस्तू असेल, दुकानदारानं "साहेब एकच आहे हो" म्हणून साधा ४००७ हातात ठेवला तर घेऊ नकोस.

आणि ते ९६ टक्क्यांचं. सूत्र चूक नाही, पण ते आउटपुटला लोड स्थिर असताना, कॉइलमधला करंट कधी शून्याला जात नसतानाचं आहे. तू लोड चालवत नाहीयेस, टाकी भरतोयस. इथं प्रत्येक वेळी कॉइलमध्ये किती ऊर्जा भरली आणि सेकंदाला असे किती घास दिले एवढाच हिशोब, व्होल्टेज कुठवर चढणार हे ड्यूटीच्या सूत्रानं ठरत नाही. उलट ड्यूटी वाढवलीस तर वाईटच होईल, कारण सुरुवातीला कपॅसिटर १२-१५ व्होल्टला असतो तेव्हा कॉइलला रिकामं व्हायला जागाच मिळत नाही, करंट पायरी पायरीनं चढत जातो, कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, आणि मग ती कॉइल राहत नाही, नुसती तार होते. तुझी कॉइल तापते ती बरीचशी त्यामुळं. (त्यात पिवळी रिंग म्हणजे लोखंडाच्या भुकटीची, तीही आपला वाटा उचलते.)

५५५ ला हे काही कळत नाही. करंट किती झाला ते कळत नाही, कपॅसिटर भरला तेही कळत नाही. बिनलोडचा बूस्ट थांबत नसतो, चढतच राहतो, आणि ३५० च्या कपॅसिटरवर ४०० गेले की तो फुटू शकतो. म्हणून करंट आणि व्होल्टेज दोन्हीवर नजर ठेवणारा यूसी३८४३ आयसी घे. ३८४२ नको, त्याला सुरू व्हायलाच १६ व्होल्ट लागतात, ३८४३ साडेआठच्या आसपास चालू होतो. मॉस्फेटच्या सोर्सला (ग्राउंडकडच्या पायाला) ०.५ ओहम लाव, आयसीची करंट सेन्स पिन १ व्होल्टला मॉस्फेट बंद करते, म्हणजे २ अँपिअरच्या वर जाणारच नाही. फीडबॅकला (आउटपुटचं व्होल्टेज तपासणाऱ्या पिनला) वर ४७० किलोओहमचे तीन सिरीजमध्ये, खाली ११ किलोओहम, मग ३२३ व्होल्टला आपोआप थांबेल. खाली १० लावलास तर ३५५ होतात, कपॅसिटरच्या मर्यादेबाहेर, तेव्हा तिथं "जवळपास" चालणार नाही. आणि हे सगळं ब्रेडबोर्डवर नको, तांब्याच्या बाजूनं जाड सोल्डर ओढलेल्या जनरल पर्पज बोर्डवर कर.

पण खरं सांगू का, तुला ४७० मायक्रोफॅरड लागतच नाही! थेंब फूटभर उंचीवरून पडला तर खाली येईपर्यंत सेकंदाला सव्वादोन-अडीच मीटरचा वेग घेतो. मोठा कपॅसिटर ट्यूबमधून रिकामा व्हायला मिलिसेकंदाच्या घरात वेळ घेतो, तेवढ्यात थेंब दोन मिलिमीटर सरकला, फोटोत फराटा दिसणार. २२ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा लाव, लखलखाटाचा वेळ त्या मानानं विसाव्या हिश्श्यावर येतो. उजेड कमी पडेल तो ट्यूब थेंबाच्या जवळ नेऊन आणि आयएसओ वाढवून काढ. एमआयटीतले हॅरॉल्ड एजर्टन १९३० च्या दशकात असेच फोटो काढत होते, तिथंही सगळी करामत उजेड किती कमी वेळ पडतो यातच होती. आणि २२ मायक्रोफॅरडमध्ये ऊर्जा साधारण सव्वा ज्यूलच, २ अँपिअरच्या कॉइलनं अर्ध्या सेकंदाच्या आसपास भरेल, मॉस्फेट कोमटही होणार नाही. शॉक मात्र तरीही सणसणीत बसतो हं, ब्लीडर काढायचा नाही.

प्रश्न : आमच्याकडं माळ्यावर रोलवाला जुना कॅमेरा सापडला, मुलगा त्याचा फ्लॅश उघडून बघायचं म्हणतो. सेल तर कधीच काढलेत. उघडू द्यावा का? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : ताई, बऱ्याच वर्षांचा पडलेला असेल तर कपॅसिटर बहुधा आपणहून रिकामा झालेला असतो, धोका आहे तो नुकताच सेल घालून "चालतोय का बघू" म्हणून फ्लॅश चार्ज केला असेल तर. आठवत असेल, बटण दाबलं की बारीक आवाज चढत चढत जायचा, ते दीड किंवा तीन व्होल्टचे तीनशेच्या आसपास होत असायचे. तेव्हा आधी सेल घालून बघायचा मोह नको, उघडताना तुम्ही शेजारी बसा, आणि ट्यूबजवळचा काळा गोल डबा दिसला की त्याच्या दोन पायांना १ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर पकडीनं धरून चारेक सेकंद टेकवा, मग मीटर लावा. शून्याच्या जवळ दाखवलं की पोराच्या हातात द्या.