सिंहस्थाच्या आधी पाथर्डी फाट्याला फ्लॅट बुक करावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ बांधकाम चालू असलेल्या इमारतीत टू बीएचके पाहिलाय, पाचवा स्लॅब झालाय, तुम्हाला नववा मजला देतायत. एजंट म्हणतो, सिंहस्थ आला की भाव हाताला लागणार नाहीत, आठवड्यात टोकन द्या. द्यावं का?

भाव किती वाढतील ते मला विचारू नका. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून नाशिकच्या साइटांवर सुपरवायझर म्हणून वीसेक वर्षं काढलीत. ‘आता नाही तर कधीच नाही’ हे २००३ च्या सिंहस्थाआधी ऐकलं, २०१५ च्या आधी ऐकलं आणि आता २०२७ साठी ऐकतोय. मधल्या काळात मेट्रो निओ (रबरी टायरवर धावणारी छोटी मेट्रो) येऊन गेली. म्हणजे आली नाही, पण २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटींची घोषणा झाली आणि महिन्याभरात जाहिरातींत ‘मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटं’ छापून आलं. त्या मेट्रोचा एक खांबही आजवर उभा नाही, फ्लॅट मात्र विकले गेले. रिंगरोड, समृद्धी, आयटी पार्क यांचं जे व्हायचं ते होईल. राहायला घर घेताय ना? मग मी तुम्हाला एकच काम सांगतो: महापालिकेने मंजूर केलेला नकाशा मागा आणि तो ब्रोशरशेजारी ठेवून वाचा.

हे मला कसं कळलं, तर स्वतःच्या घरावरून.

२०१२ मध्ये मी वडाळा-पाथर्डी रोडच्या मागच्या बाजूला फ्लॅट घेतला. बिल्डरचं नाव लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, तेव्हा बहुतेक सगळे तेच करत होते आणि मी स्वतः ज्या साइटवर होतो तिथेही तेच चाललं होतं. जुन्या नियमांत बाहेरच्या भिंतीला कपाट काढायला मुभा होती, आणि त्या कपाटाचं क्षेत्र एफएसआयमध्ये (प्लॉटच्या किती पट बांधता येतं, त्या मर्यादेत) धरलं जात नसे. कागदावर ते कपाट. साइटवर काय व्हायचं, तर कपाट आणि खोली यांच्यामधली भिंत बांधायचीच नाही. दोन फूट खोलीचं कपाट खोलीच्या पूर्ण लांबीभर काढायचं की झालं, चौदा फुटांचा हॉल सोळा फुटांचा. त्या दोन फुटांचे पैसे गिऱ्हाईकाकडून पूर्ण रेटने घ्यायचे.

माझ्या हॉलमध्ये उभं राहून छताकडे पाहिलं तर खिडकीच्या भिंतीपासून बरोबर दोन फूट आत एक बीम खाली उतरलेला दिसायचा. नकाशातली भिंत तिथे होती. बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, “हा इथे मध्येच कशाला?” मी म्हटलं, पीओपी केली की झाकून जाईल. झाकला. साइटवरचा माणूस असून मला त्यात गैर काही वाटलं नाही, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

२०१४ मध्ये चाव्या मिळाल्या. पझेशन लेटर मिळालं, सत्यनारायण झाला, कम्प्लिशनचं (पूर्णत्वाच्या दाखल्याचं) विचारलं की “फाइल आत आहे, दादा, पंधरा दिवस.” २०१५ च्या सुमारास महापालिकेने कपाटं मोजायला सुरुवात केली आणि एफएसआय ओलांडलेल्या इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले थांबले. नाशिकमध्ये ‘कपाट’ हा शब्द तेव्हापासून फर्निचरसाठी कमी आणि बांधकामासाठी जास्त वापरला जातो. महापालिकेचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नकाशात जे नव्हतं ते आम्ही बांधलं होतं आणि आम्हीच विकत घेतलं होतं.

फटका लगेच बसत नाही. लाइट असते, लिफ्ट चालते, माणूस विसरून जातो. मला तो २०१६ मध्ये बसला. आई-वडिलांसाठी मोठं घर हवं होतं म्हणून हा फ्लॅट विकायला काढला. ओझरहून एक कुटुंब आलं, घर आवडलं, एक्कावन्न हजार टोकन झालं. त्यांच्या बँकेचा माणूस व्हॅल्युएशनला आला, त्याने मंजूर नकाशा उघडला, खिशातून टेप काढून हॉल मोजला आणि टेप गुंडाळत विचारलं, “कम्प्लिशन?” दहा मिनिटांत सगळं संपलं. कर्ज नाही, सौदा नाही. त्या गृहस्थांचं टोकन मी संध्याकाळी घरी नेऊन दिलं. चहा घ्या म्हणाले, घेववला नाही.

पुढे ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची बांधकामं प्रशमन शुल्क (दंडासारखी रक्कम) भरून नियमित करायची वाट शासनाने काढली. आमच्या बिल्डरने तोवर दुसरीकडे दोन स्कीम संपवल्या होत्या. शुल्काचा विषय निघाला की फोन उचलायचा नाही. शेवटी आम्ही फ्लॅटधारकांनीच वर्गणी काढली. माझ्या वाट्याला बासष्ट हजार आले. जी दोन फूट जागा एकदा विकत घेतली होती तिचेच पुन्हा पैसे.

आता तुमच्याकडे वळतो. कपाटाची ती युक्ती आज चालत नाही. डिसेंबर २०२० पासून राज्यात जी एकत्रित नियमावली आली तिच्यात कपाट, बाल्कनी सगळं पी-लाइनच्या (इमारतीच्या बाहेरच्या कडेच्या रेषेच्या) आत धरून एफएसआयमध्येच मोजतात. पण नकाशा आणि ब्रोशर यांच्यातली फट बुजलेली नाही, ती आता मजल्यांत सरकली आहे. ब्रोशरमध्ये बारा मजले, मंजुरी सातची. उरलेले पाच “टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकामहक्क) घेऊन रिवाइज करू.” तुम्हाला नववा देतायत, म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: आजच्या तारखेला मंजुरी कितव्या मजल्यापर्यंत आहे? विचारून उत्तर मिळालं तरी त्यावर थांबू नका. महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकला की मंजूर नकाशा, परवानगी, पूर्ण करायची तारीख, मुदतवाढ घेतली असेल तर तीही, कोर्टकज्जे, सगळं दिसतं. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे, तो मोबाइलवर धरला तरी तिथेच पोचता. तुमचा नववा मजला त्या नकाशात नसेल तर तुम्ही फ्लॅट घेत नाही आहात, बिल्डरच्या आशेत भागीदारी घेताय.

मग रस्ता. इमारतीसमोरचा रस्ता प्रत्यक्षात नाही, नकाशात किती मीटरचा दाखवलाय ते बघा. गावठाण सोडलं तर ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय १.१० मिळतो आणि त्यावर टीडीआर किंवा पैसे भरून घेतलेला प्रीमियम एफएसआय चढवता येत नाही. त्यामुळे साडेसात मीटरच्या कॉलनी रोडवर कोणी बारा मजल्यांचं चित्र दाखवत असेल तर उरलेला रस्ता कुठून आणणार हे त्याला समोर बसवून विचारा. कधी कधी पुढची जागा सोडून रस्ता रुंद केलेला असतो, ते कायदेशीर आहे. पण ते नकाशात दिसलंच पाहिजे.

तिसरं पार्किंग. सेल्स ऑफिसमधला पोरगा नकाशावर पेनने गोल करून “हे तुमचं” म्हणतो. तो गोल मंजूर नकाशातल्या पार्किंगवर पडतो की बाजूच्या मोकळ्या मार्जिनवर, एवढं पाहा. उघडं पार्किंग विकता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय.

(‘पांडवलेणी व्ह्यू’चे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. समोरच्या प्लॉटला रस्ता रुंद असेल तर दोन वर्षांत तिथेही बारा मजले उभे राहतील.)

पैशांचं थोडक्यात. अजूनही बरेच जण भाव सेलेबलवर (भिंती, जिना, लिफ्ट यांचा वाटा धरलेल्या क्षेत्रावर) सांगतात. समजा १,००० फूट सेलेबल, ४,५०० चा भाव, म्हणजे ४५ लाख. कार्पेट (घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) ७०० निघाला तर तुम्ही खरं म्हणजे फुटाला ६,४०० च्या वर देताय. दोन इमारतींची तुलना कार्पेटवरच करा. जीएसटी नाशिकसाठी असा: कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत आणि किंमत पार्किंग वगैरे धरून ४५ लाखांच्या आत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. आणि कम्प्लिशन मिळालेल्या इमारतीत बिल्डरकडून घेतलात तर शून्य. ५० लाखांच्या घरात हे अडीच लाख होतात, तेव्हा “तयार घर महाग पडतं” म्हणताना हा आकडा वजा करून मग म्हणा. साठेखत नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर रक्कम घ्यायला रेरा कायद्याने मनाई आहे. “आधी वीस द्या, ॲग्रीमेंट दिवाळीनंतर” म्हणाले की उठा. साठेखताला मंजूर नकाशाची प्रत जोडून घ्या. पुढे बिल्डरला तुमच्या फ्लॅटमध्ये बदल करायचा झाला तर तुमची संमती लागते, आणि ती कशाला दिली होती हे त्या प्रतीवरूनच ठरतं.

पूररेषेचं तुमच्या जागेला बहुधा लागू नसेल, पण नासर्डी असो, वालदेवी असो, नाशिकमध्ये नाल्याकाठीही प्लॉट पडलेत. निळ्या रेषेच्या (लहान पुराच्या पातळीच्या) आत बांधकाम चालत नाही, निळ्या आणि लाल (मोठ्या पुराच्या) रेषांच्या मध्ये अटी घालून परवानगी मिळते. २००८ आणि २०१९ च्या पुरांनंतर गंगापूर रोडच्या लोकांना या दोन रेषा तोंडपाठ झाल्या. बाकीचे आपण अजून गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं ते बघायला पुलावर जातो.

पाण्याचं मात्र कुठल्याच नकाशात दिसत नाही. महापालिकेची लाइन रस्त्यात असणं आणि पाणी नवव्या मजल्याच्या टाकीत असणं यात पुष्कळ अंतर आहे. शेजारच्या राहत्या इमारतीच्या वॉचमनला विचारा, एप्रिल-मेमध्ये टँकर दिवसाला किती येतात. तो खोटं सांगत नाही, कारण मोटर त्यालाच चालू करावी लागते.

मी असतो तर काय केलं असतं? नववा मजला मंजूर नकाशात असेल आणि रस्ता जुळत असेल, तर सिंहस्थाचा विचार डोक्यातून काढून, कार्पेटवर घासाघीस करून घेतला असता. मंजुरी सातपर्यंतच असेल तर सहावा मागितला असता, वर एक लाख जास्त देऊन. सहावा शिल्लक नसेल, तर त्याच फाट्याजवळ कम्प्लिशन झालेली आणि चार-दोन फ्लॅट पडून राहिलेली इमारत शोधली असती. असतात, एजंट दाखवत नाहीत.

रविवारी जाणार असाल तर आधी वॉचमन, मग सॅम्पल फ्लॅट, सेल्स ऑफिस सगळ्यात शेवटी. सॅम्पल फ्लॅटमधले बेड बऱ्याचदा मुद्दाम आखूड बनवलेले असतात, त्यांच्यावरून खोलीचा अंदाज घेऊ नका. आणि टेप स्टीलचा न्या, कापडी ताणला जातो.