गोल्फ कोर्सवर कमी-जास्त ताकदीच्या खेळाडूंसाठी टी (होलचा पहिला फटका मारायच्या जागा) कुठे लावावेत?

वय किंवा स्त्री-पुरुष हा भेद आधी बाजूला ठेवा आणि खेळाडूचा ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारणाऱ्या काठीने, मारलेला चेंडू किती लांब जातो ते बघा. अमेरिकेत यूएसजीए (तिथली गोल्फ संघटना) आणि पीजीए (व्यावसायिक गोल्फरांची संघटना) यांनी २०११ मध्ये ‘टी इट फॉरवर्ड’ मोहीम काढली, तिचा पाया हाच होता. तिच्या तक्त्यानुसार २५० यार्ड मारणाऱ्याला १८ होलसाठी साधारण ६२०० ते ६४०० यार्ड, २०० यार्डवाल्याला ५२०० ते ५४००, आणि १५० वाल्याला ३५०० ते ३७०० यार्ड पुरेत.

आता ४०० यार्डांचा पार ४, म्हणजे चार फटक्यांत पुरा होणं अपेक्षित असलेला होल, घ्या. २५० मारणाऱ्याला ग्रीनपर्यंत (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीपर्यंत) १५० उरतात, २०० वाल्याला मात्र २००. तिथून वूडने (लांब फटक्याच्या काठीने) मारलेला चेंडू ग्रीनवर सहसा थांबत नाही. त्याचा टी ३३५ च्या आसपास आणला की १३५ उरतात आणि दोघांना तो होल सारखाच अवघड होतो.

फक्त अंतर कापून भागत नाही. पुढच्या टीवरून पाणी किंवा खड्डा ओलांडण्याची सक्ती शक्यतो नको, आणि जागा सपाट, नीट राखलेली हवी. फेअरवेच्या (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कडेला टीची खूण म्हणून कशीबशी दोन मार्कर ठोकणं हा त्या खेळाडूचा अपमान आहे, असं मला मनापासून वाटतं. पुढच्या टीचं ‘लेडीज टी’ हे नावही काढून टाका. त्या नावापायी कित्येक ज्येष्ठ पुरुष उगाच मागून खेळत राहतात.

वेगवेगळ्या टीवरून सामना होतो का? होतो. प्रत्येक टीचं कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला तिथून साधारण किती फटके लागतील) आणि स्लोप (साध्या खेळाडूला ते त्या मानाने किती अवघड, ५५ ते १५५, प्रमाण ११३) वेगळं असतं, त्यावरून हँडिकॅप, म्हणजे खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट, जुळवला जातो.