लंडनला नाटकं बघायला येतोयस? मग पक्की नाटकं बघू नकोस

तुझा प्रश्न असा : नाट्यशास्त्राची पदवी झाली आहे, सध्याच्या इंग्रजी नाटकांचं वेड लागलंय, नॅशनल थिएटरची चित्रित नाटकं पडद्यावर बघितली आहेस आणि आता लंडनला एक वर्षाचं एमए करायचं आहे. नाटकं किती बघता येतील, रंगभूमीवर काम मिळेल का, आणि एवढा पैसा घालावा का? मी इथे बरीच वर्षं आहे. त्यातली काही एका थिएटरमध्ये डोअरकीपरी करण्यात गेली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

नॅशनल थिएटर 2009 पासून जे चित्रित करून जगभर दाखवतं, ते मुरलेलं नाटक असतं. प्रकाश, हालचाली, विराम, सगळं जागच्या जागी. ते तुला घरबसल्याही दिसतं. इथे येऊन खरं मिळतं ते कच्चं नाटक.

इथे नवं नाटक एकाच थिएटरात साधारण चार ते आठ आठवडे मुक्काम ठोकतं, आठवड्यातले बहुतेक दिवस रोज प्रयोग. आज इथे, परवा तिथे असं नाही. पहिले काही प्रयोग प्रिव्ह्यू म्हणून लावतात. त्या दिवसांत दुपारी तालीम चालू असते आणि रात्री प्रयोग. काल हशा न आलेली जागा आज कापलेली असते, एखादा प्रवेश मागेपुढे झालेला असतो. मग प्रेस नाइट होते, म्हणजे समीक्षकांना बोलावलेला प्रयोग, आणि नाटक बऱ्यापैकी गोठतं. समीक्षकही तोवर न लिहिण्याचा संकेत पाळतात. प्रिव्ह्यूचं तिकीट बहुधा स्वस्त असतं, म्हणजे तुझ्यासारख्याची चांदीच.

आणि एक गंमत. नव्या नाटकाचं पुस्तक बरेचदा प्रयोगाच्या वेळीच थिएटरात विकायला असतं. छापायला ते तालमी चालू असतानाच गेलेलं असतं, म्हणून आत एक सूचना असते की प्रत्यक्ष प्रयोगात संहिता वेगळी असू शकेल. ते पुस्तक घे, आधी प्रिव्ह्यू बघ, शेवटच्या आठवड्यात परत बघ, आणि घरी येऊन काय गळलं त्यावर पेन्सिलीने खुणा कर. नाट्यलेखनाचं इतकं चांगलं शिक्षण मला तरी कुठल्या वर्गात मिळालं नाही.

कुठे बघायचं? वेस्ट एंड, म्हणजे मध्य लंडनमधली मोठी व्यावसायिक थिएटरं, राहू दे, तिथलं महागडं तिकीट आई-बाबा भेटायला आले की काढ. स्लोन स्क्वेअरचं रॉयल कोर्ट 1956 पासून नव्या लेखनावर उभं आहे. वरच्या मजल्यावरचं छोटं थिएटर 1969 मध्ये सुरू झालं, तिथे शंभरही खुर्च्या नाहीत. सेरा केनचं ‘ब्लास्टेड’ 1995 मध्ये तिथेच झालं. सोमवारची तिकिटं स्वस्त असतात, पण पटकन उडतात. बुश थिएटर 1972 मध्ये एका पबच्या वर सुरू झालं आणि 2011 मध्ये जवळच्या जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीत आलं. फिनबरो आणि थिएटर 503 अजून पबच्या वरच आहेत. गुडघे पुढच्या प्रेक्षकाच्या पाठीला लागतात आणि नट हाताच्या अंतरावर असतो. नाटकं तिथून वर कशी चढतात ते बघायला मला फार आवडतं : रायन कॅलेस कॅमेरनचं ‘फॉर ब्लॅक बॉइज’ 2021 मध्ये न्यू डायोरामाच्या छोट्या जागेत झालं, पुढच्या वर्षी रॉयल कोर्टला आणि तिथून वेस्ट एंडला.

आपल्याकडच्या माणसांचं इथलं काम चुकवू नकोस. तारा 1977 ची, तमाशा 1989 ची, दोन्ही दक्षिण आशियाई मंडळींनी उभ्या केलेल्या संस्था. (हो, तमाशाच. फड नाही.) चेन्नईच्या अनुपमा चंद्रशेखरचं पहिलं मोठं नाव रॉयल कोर्टने केलं, आणि 2022 मध्ये नॅशनलच्या ऑलिव्हिए या सगळ्यात मोठ्या थिएटरमध्ये, म्हणजे अकराशेहून जास्त प्रेक्षकांसमोर, तिचं गांधीहत्येवरचं नाटक झालं. त्यात नथुराम स्वतःच प्रेक्षकांशी बोलतो. आजूबाजूच्या अनेकांना हे नावही माहीत नव्हतं आणि मी मात्र खुर्चीत आखडून बसले होते. दिग्दर्शन इंधू रुबासिंघमचं. त्या आता नॅशनलच्या प्रमुख आहेत.

आता कामाचं, कारण इथे बरेच जण गाफील असतात. पदवी किंवा एमएच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येतं. पण स्वयंरोजगार चालत नाही आणि कलाकार म्हणून व्यावसायिक काम करता येत नाही. ‘मानधन नको’ म्हटलं की सुटका, असं धरून चालू नकोस. अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या कामाचे नियम वेगळे आहेत. लिहिलेल्या नाटकाचे पैसे घेणं हेही स्वयंरोजगारात मोडू शकतं, तेव्हा आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षात विचार. डोअरकीपर, बॉक्स ऑफिस, बार ही कामं पगारी नोकरीची, ती चालतात. पाय दुखतात, पण एकच नाटक रोज बघायला मिळतं आणि कुठल्या वाक्याला कुठला प्रेक्षक खोकतो ते पाठ होतं. एमएनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर मात्र अभिनय, लेखन, स्वयंरोजगार सगळं मोकळं. तो दोन वर्षांचा होता. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना 18 महिने मिळतील, हे गणितात धर.

पैसे घालावे का? फक्त अभिनयासाठी येत असशील तर माझं मत नाही असं. एक वर्ष हां हां म्हणता जातं, आणि ऑडिशनला उभं राहायची वेळ येते तेव्हा व्हिसाचं घड्याळ सुरू झालेलं असतं. लेखन, दिग्दर्शन किंवा ड्रामाटर्गीसाठी (म्हणजे संहितेची पारख आणि बांधणी) येत असशील तर ये. निवड करताना माहितीपत्रकातल्या फोटोंकडे बघू नकोस, दोनच गोष्टी विचार : आठवड्याला प्रत्यक्ष शिकवणीचे तास किती, आणि एखाद्या थिएटरच्या साहित्य विभागात काम करायची सोय अभ्यासक्रमातच आहे का? नव्या संहिता वाचून त्यावर टिपणं लिहिणारी माणसं तिथे बसतात. आजचं नाटक कसं निवडलं जातं ते तिथे समजतं.

नॅशनलचं अभिलेखागार वेळ ठरवून फुकट बघता येतं. जुन्या प्रयोगांच्या चित्रफिती आहेत, पण तू प्रॉम्प्ट बुक मागव. प्रत्येक क्यू, प्रत्येक दिवा, प्रत्येक कट त्यात नोंदलेला असतो.

आणि प्रबंध जुलैअखेर संपव. तो बहुधा ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये द्यायचा असतो, आणि ऑगस्टमध्ये एडिनबरोचा फ्रिंज हा मोठा नाट्यमहोत्सव असतो. तिथल्या खोल्यांची भाडी तेव्हा आभाळाला भिडतात, म्हणून वसंतातच चौघांत मिळून खोली ठरवून ठेवा.